खुलासा करणारा निवेदक

अमेरिकेत स्थिरावलेल्या इराणी समाजाविषयीच्या इंग्रजी लेखनाची चर्चा बहुधा ‘विस्थापन’ आणि ‘स्मरणरंजन’ या दोन संज्ञांपाशी थांबते. विस्थापन हा या लेखनाचा विषय खराच. त्याचे रूप मात्र वेगळ्या गोष्टीने घडले आहे. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत सुरू झालेले ओलीस-प्रकरण ४४४ दिवस चालले आणि ‘इराणी’ हे विशेषण अमेरिकेत आरोपासारखे उच्चारले जाऊ लागले. (मुंबईच्या वाचकाला याच शब्दासरशी चहा आणि ब्रुन-मस्का आठवतो!) अनेकांनी स्वतःला ‘पर्शियन’ म्हणवून घेणे पसंत केले. कथा सांगण्याआधी आपण कोण, याचा खुलासा करणे निवेदकाला भाग पडले; आणि तो ज्याच्यापुढे करावयाचा, तो गृहीत वाचक अमेरिकी होता.

फिरूझे डुमास यांच्या ‘फनी इन फार्सी’ (२००३) या आत्मपर लेखनात विनोद हे या खुलाशाचेच साधन होय. हे कुटुंब १९७२ साली, म्हणजे क्रांतीपूर्वीच, कॅलिफोर्नियातील व्हिटियर येथे आले. पुढे ओलीस-प्रकरणाच्या काळात देश विचारल्यावर आई रशिया वा तुर्कस्तानचे नाव सांगू लागते. प्रसंग हास्यकारक आहे. पण हसणारा वाचक ज्या समाजाचा घटक आहे, त्याच्याच भीतीने ही स्त्री खोटे बोलते आहे. विनोद त्याला हसवता हसवता दोषमुक्तही करतो. या पुस्तकाच्या लोकप्रियतेचे एक कारण येथे आहे. विनोदाला निव्वळ शरणागती म्हणणे अन्यायाचे ठरेल. तथापि तो कोणाची सोय पाहतो, हा प्रश्न टाळता येत नाही.

आंद्रे ड्युबस (तिसरे) हे इराणी नव्हेत. तरी ‘हाऊस ऑफ सँड अँड फॉग’मधील (१९९९) त्यांचा कर्नल बेहरानी खुलासा करीत नाही, लपवतो. दिवसा महामार्गावरील कचरा उचलणारा हा माजी सेनाधिकारी घरी परतण्यापूर्वी सूट चढवतो. हे कपडे बदलणे कादंबरीतील कोणत्याही संवादापेक्षा अधिक सांगून जाते. उत्तरार्धात मात्र मानापमानाच्या ठरीव कल्पनांत बेहरानी अडकतो आणि लेखकाची पकड सुटते.

कावेह अकबर यांच्या ‘मार्टर!’ (२०२४) या कादंबरीत या खुलाशाचे स्वरूपच उघडे पडते. सायरस हा कवी वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे रुग्णाचे सोंग करून पैसे मिळवतो. दुःख परक्याला समजेल असे मांडून दाखवणे हा त्याचा अक्षरशः रोजगार आहे. ३ जुलै १९८८ रोजी ‘विन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले आणि २९० माणसे मारली गेली. त्याच विमानात आपली आई गेली, हे सायरसला लहानपणापासून सांगितले गेले आहे. आता खुलासा कोणी द्यावयाचा? कादंबरी तो कोणाकडे मागत नाही. ती सायरसला ब्रुकलिनच्या संग्रहालयात, कर्करोगाने मरणासन्न असलेल्या एका इराणी चित्रकर्तीसमोर नेऊन बसवते. तेथे दोन इराणी माणसे मृत्यूविषयी परस्परांशी बोलतात. इतर प्रेक्षक मागे रांगेत उभे असतात.