रिव्हिजन-थ्री : हाती दिलेला कार्यक्रम आणि हातून गेलेला संग्रह

प्रास्ताविक

दूरचित्रवाणीच्या समीक्षेत तंत्रज्ञानविषयक कार्यक्रमांची दखल क्वचितच घेतली जाते. त्यांची गणना माहितीपर कार्यक्रमांत होते आणि माहिती शिळी झाली की कार्यक्रमही शिळा झाला, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक पूर्णतः चुकीचे नाही. २००५ साली बाजारात आलेल्या एखाद्या संगणकाचे गुणदोष ऐकण्यासाठी आज कोणी तासभर बसणार नाही. परंतु कार्यक्रम काय सांगतो यासोबत तो प्रेक्षकाशी कोणते नाते जोडतो, हाही समीक्षेचा विषय असतो. या दृष्टीने पाहता, केव्हिन रोझ, जे एडेलसन व डेव्हिड प्रेगर यांनी २००५ साली कॅलिफोर्नियात स्थापन केलेले ‘रिव्हिजन-थ्री’ हे इंटरनेटवरील चित्रफीत नेटवर्क लक्षणीय ठरते. तंत्रज्ञानाची आवड असलेल्या प्रेक्षकासाठी कार्यक्रम निर्माण करणे, हा त्याचा आरंभीचा हेतू होता. तथापि त्याचे खरे वेगळेपण विषयात नसून देण्याच्या रीतीत होते. कार्यक्रम प्रेक्षकाला नुसता दाखवला जात नव्हता, तर वस्तू म्हणून त्याच्या हाती सोपवला जात होता. ही रीत जसजशी सुटत गेली, तसतसे या नेटवर्कचे स्वतंत्र अस्तित्वही विरत गेले, असे त्याच्या इतिहासावरून दिसते.

पूर्वपीठिका

या नेटवर्कची मुळे एका बंद पडलेल्या वाहिनीत आहेत. ११ मे १९९८ रोजी झिफ-डेव्हिस या प्रकाशनसंस्थेने सॅन फ्रान्सिस्कोतून ‘झेडडीटीव्ही’ ही केबल वाहिनी सुरू केली. पुढे ती पॉल अ‍ॅलन यांच्या व्हल्कन या कंपनीकडे गेली आणि २००० साली तिचे नाव ‘टेकटीव्ही’ झाले. लिओ लापोर्ट व पॅट्रिक नॉर्टन यांच्या निवेदनामुळे तिच्यावरील ‘द स्क्रीन सेव्हर्स’ हा कार्यक्रम विशेष लोकप्रिय होता. प्रेक्षकाने आपल्या संगणकाची तक्रार घेऊन यावे आणि निवेदकाने ती सर्वांसमक्ष सोडवावी, असे त्याचे साधे स्वरूप होते. वेबकॅमेऱ्याद्वारे प्रेक्षक स्वतःच्या घरातून पडद्यावर येत असत. त्या काळाच्या मानाने ही गोष्ट नवलाचीच होती.

२००४ साली कॉमकास्टच्या मालकीच्या ‘जीफोर’ या खेळविषयक वाहिनीने टेकटीव्ही विकत घेतली. सॅन फ्रान्सिस्कोतील कार्यालय बंद झाले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या आणि उरलेले काम लॉस एंजेलिसला हलवण्यात आले. या वाहिनीला प्रेक्षक नव्हता असे नाही. मात्र त्या प्रेक्षकाचा वाहिनीवर कोणताही हक्क नव्हता. रिव्हिजन-थ्री आणि लापोर्ट यांनी सुरू केलेले ‘ट्विट’ ही दोन्ही नेटवर्क २००५ साली याच पोकळीतून जन्मली. केबलचालकाच्या मर्जीवाचून प्रेक्षकापर्यंत पोहोचणे, हा या दोहोंमागचा समान निश्चय होता.

काळ त्यांना अनुकूल होता. आरएसएस या प्रणालीद्वारे नव्या भागाची वर्दी मिळून फाईल आपोआप संगणकावर उतरू लागली होती. जून २००५ मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय झाली आणि ऑक्टोबरमध्ये चित्रफिती दाखवणारा आयपॉड आला. यूट्यूबचा जन्म त्याच वर्षीचा असला, तरी लांबलचक कार्यक्रमांचे ठिकाण म्हणून त्याचा तेव्हा कोणी विचार करत नव्हते. मंद जोडणीवर असलेल्या प्रेक्षकाला फाईल उतरवून घेण्याची पद्धत सोयीची होती. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट इतका किमान वेग ठरवला होता. त्या वेगाने २०० मेगाबाइटची फाईल उतरायला पावणेदोन तासांच्या आसपास वेळ लागतो. तेवढा धीर धरला की ती फाईल प्रेक्षकाची होत असे. ती पुन्हा पाहता येई, मित्राला देता येई, तबकडीवर लिहून ठेवता येई.

सोफा आणि कार्यमेज

रिव्हिजन-थ्रीच्या आरंभीच्या दोन मालिका परस्परविरोधी स्वभावाच्या होत्या. त्यांपैकी जुलै २००५ मध्ये सुरू झालेली ‘डिगनेशन’ अधिक गाजली. केव्हिन रोझ व अ‍ॅलेक्स आल्ब्रेक्ट हे दोघे सोफ्यावर बसत, मांडीवर लॅपटॉप आणि हाती बिअरची बाटली घेत आणि ‘डिग’ या संकेतस्थळावर वाचकांच्या मतांनी वर आलेल्या बातम्यांवर गप्पा मारत. कार्यक्रमाचे अंग एवढेच होते. संहिता नावापुरती आणि संकलन जुजबी. बातमी वाचता वाचता विषय भलतीकडेच जाई आणि पुष्कळदा परत येत नसे.

वृत्तकार्यक्रम म्हणून डिगनेशनचे मूल्यमापन केल्यास ते फारसे वरचे ठरणार नाही. मूळ लेखाऐवजी मथळ्यावरच भाष्य होई. बातमीची शहानिशा करण्याची जबाबदारी निवेदक आपली मानत नसत. त्याहून गंभीर बाब अशी की केव्हिन रोझ हे स्वतःच ‘डिग’चे संस्थापक होते. म्हणजे बातम्या निवडणारे संकेतस्थळ आणि त्या बातम्यांवर बोलणारा निवेदक यांचे हितसंबंध एकच होते. ही गोष्ट लपवलेली नव्हती. परंतु लपवलेली नाही एवढ्याने ती निर्दोष ठरत नाही. ‘गोडॅडी’सारख्या पुरस्कर्त्याची जाहिरातही निवेदक त्याच सोफ्यावरून, त्याच खेळकर सुरात करत. गप्पा आणि विक्री यांमधली सीमारेषा तेथे पुसट झाली. पुढील काळात चित्रफीतकारांच्या संपूर्ण व्यवसायाने जो विश्वासाचा व्यापार मांडला, त्याची ही तालीमच म्हणावी लागेल.

असे असूनही डिगनेशनला रूप नव्हते, असे म्हणता येत नाही. आठवड्याच्या ठरावीक वेळी त्याच दोन माणसांनी भेटावे, त्यांचे थट्टेचे विषय आपल्याला आधीपासून माहीत असावेत आणि नव्या माणसाला ते कळू नयेत, ही पारावरच्या गप्पांची घडण आहे. बातमी हे निमित्त आणि सोबत हे फलित. अर्थात या पाराभोवती कोण बसले होते, हेही पाहिले पाहिजे. तरुण पुरुषाचा विनोद, त्याची उपकरणे आणि त्याची पेये यांनीच ते जग व्यापलेले होते. ‘टेकझिला’त वेरोनिका बेलमाँट आल्यानंतर काही फरक पडला. स्त्री-निवेदकांची ‘पॉपसायरन’ ही मालिका मात्र २००८ च्या मंदीत लवकरच गुंडाळली गेली. कात्री प्रथम कोठे चालते, यावरून संस्थेचा मनातला प्रेक्षक ओळखता येतो.

दुसरी मालिका ‘सिस्टम’. येथे सोफ्याच्या जागी कार्यमेज होते. पहिल्याच भागात बिनतारी कॅमेऱ्यांचे संकेत पकडणारी पेटी घरी कशी बनवावी, हे दाखवण्यात आले होते. ग्राहक-यंत्र, लहानसा पडदा, विद्युतघट आणि या सर्वांना सामावणारा डबा एवढी तिची सामग्री. त्या काळी घरोघरी विकले जाणारे स्वस्त बिनतारी कॅमेरे आपले चित्र कोणत्याही सांकेतिक आवरणाविना हवेत सोडत असत. त्यामुळे अशी पेटी घेऊन रस्त्याने जाणाऱ्याला ते सहज दिसू शके. ज्याने सुरक्षिततेसाठी कॅमेरा लावला, त्याचेच घर त्यामुळे उघडे पडत होते. हे प्रात्यक्षिक शंभर इशाऱ्यांहून परिणामकारक आहे. तथापि तेच प्रात्यक्षिक दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचे साधनही होते. ज्ञान देणे आणि हत्यार देणे यांमधला हा पेच या प्रकारच्या कार्यक्रमांना पुढेही सुटला नाही. मात्र त्या पेचापासून पळ न काढता यंत्र उघडून दाखवणे, हेच ‘सिस्टम’चे धैर्य होते. येथे प्रेक्षक केवळ ग्राहक राहत नाही, तो करणारा होतो. डाग देणे, तार जोडणे, चुकणे, पुन्हा करणे हे सारे त्याने घरी करायचे आहे, या विश्वासावर कार्यक्रम उभा आहे. गुणवत्तेच्या दृष्टीने ‘सिस्टम’ सरस. कीर्ती मात्र ‘डिगनेशन’च्या वाट्याला आली.

मे २००८

फाईल प्रेक्षकाच्या हाती देण्याच्या पद्धतीला कोणती किंमत मोजावी लागते, हे २००८ च्या मे महिन्यात दिसून आले. मोठ्या फायली वाटण्याचा खर्च वाचवण्यासाठी रिव्हिजन-थ्री बिटटोरंट ही प्रणाली वापरत असे. या प्रणालीत फाईल उतरवून घेणारे संगणक तिचे तुकडे एकमेकांनाही देतात, आणि ती कोणाकोणाकडे आहे याची नोंद ‘ट्रॅकर’ नावाचा संगणक ठेवतो. रिव्हिजन-थ्रीचा ट्रॅकर तिच्या स्वतःच्या कार्यक्रमांसाठीच होता. त्यात आक्षेपार्ह काही नव्हते.

त्याच सुमारास ‘मीडियाडिफेंडर’ ही कंपनी संगीत व चित्रपट व्यवसायाच्या वतीने बेकायदा देवाणघेवाण रोखण्याचे काम करीत होती. अशा प्रणालींमध्ये बनावट फायलींच्या नोंदी पेरणे, हा तिच्या कामाचा भाग होता. रिव्हिजन-थ्रीच्या ट्रॅकरमध्ये बाहेरच्या नोंदी शिरू शकतील अशी एक फट राहिली होती आणि मीडियाडिफेंडर तिचा वापर करीत होती. ती फट बुजवताच या कंपनीच्या संगणकांकडून जोडणीची मागणी करणाऱ्या संदेशांचा लोंढा सुरू झाला. सेकंदाला आठ हजारांपर्यंत पोहोचलेल्या या लोंढ्याने मेमोरियल डेच्या सुट्टीत रिव्हिजन-थ्रीचे संकेतस्थळ, आरएसएस आणि कार्यालयीन ईमेलही ठप्प केले. मुख्याधिकारी जिम लाउडरबॅक यांनी हा सर्व प्रकार तपशीलवार लिहून प्रसिद्ध केला आणि एफबीआयलाही कळवला. लोंढा आपल्या संगणकांवरून आल्याचे मीडियाडिफेंडरने मान्य केले. तो हेतुपुरस्सर असल्याचे मात्र नाकारले.

या प्रसंगाचा अर्थ तांत्रिक बिघाडापुरता मर्यादित नाही. चोरी पकडण्यासाठी नेमलेल्या यंत्रणेला चोर आणि धनी यांतला फरक ओळखता येत नव्हता. स्वतःचा माल स्वतःच्या वाटेने प्रेक्षकाला देणारी संस्था तिच्या हिशेबात बसतच नव्हती. लाउडरबॅक यांचे निवेदन वाचताना त्यातील रागापेक्षा त्याची रीत अधिक लक्षात राहते. दोषाचा माग काढणे, कारण शोधणे आणि ते सर्वांना समजेल असे मांडणे, ही ‘सिस्टम’चीच रीत होती. नेटवर्कने निर्माण केलेला उत्तम भाग कदाचित हा न चित्रित झालेला भागच असावा.

संग्रहाचा प्रश्न

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. २००६ मध्ये गूगलने १.६५ अब्ज डॉलरला विकत घेण्याचे ठरवलेले यूट्यूब पाहता पाहता सर्व चित्रफितींचे माहेरघर झाले. फाईल उतरवून घेण्याचे कारण उरले नाही आणि रिव्हिजन-थ्रीचे प्रेक्षकही तेथेच जमू लागले. डिगनेशनची नियमित मालिका डिसेंबर २०११ मध्ये थांबली. मे २०१२ मध्ये डिस्कव्हरीने नेटवर्क विकत घेतल्याचे जाहीर झाले. केबलपासून सुटण्यासाठी जन्मलेली संस्था सात वर्षांनी केबलच्याच घरी गेली. २०१६ मध्ये डिस्कव्हरीचा हा इंटरनेट विभाग ‘ग्रुप नाइन मीडिया’त विलीन झाला आणि २०२२ साली तो समूह ‘व्हॉक्स मीडिया’कडे आला. या प्रवासात रिव्हिजन-थ्री हे नाव मागे पडले आणि तिचे संकेतस्थळही बंद झाले.

प्रत्येक हस्तांतरणात नव्या मालकाला प्रेक्षकसंख्या हवी होती, जुने भाग नव्हे. वाहिनीवरील प्रेक्षकाचा हक्क टेकटीव्हीच्या वेळी जितका होता, तितकाच तो याही वेळी ठरला. फरक एकच. आज जुने भाग जेथे सापडतात, तेथे ते बव्हंशी कोणीतरी त्या काळी उतरवून ठेवलेल्या फायलींमुळे सापडतात. इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहात गेलेले काही भाग टिकले आहेत. संस्थेने जपले नाही, ते ज्यांच्या हाती वस्तू दिली होती त्यांनी जपले.

जुळ्या भावंडाचा मार्ग येथे तुलनेसाठी उपयोगी पडतो. लापोर्ट यांच्या ‘ट्विट’ने बाहेरचा मालक स्वीकारला नाही. जाहिराती आटल्या तेव्हा २०२१ पासून प्रेक्षकांच्या वर्गणीचा आधार घेतला आणि २०२४ साली पेटालुमा येथील स्टुडिओ बंद करून निवेदक आपापल्या घरून बोलू लागले. याला कोणी ऱ्हास म्हणेल आणि थाट गेला, हे खरेच आहे. पण ऑगस्ट २००५ मध्ये सुरू झालेल्या स्टीव्ह गिब्सन यांच्या ‘सिक्युरिटी नाऊ’ या संगणक-सुरक्षेवरील कार्यक्रमाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हजारावा भाग गाठला. त्याच्या भागांची लिखित प्रत गिब्सन आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देत आले आहेत. ती साध्या मजकुराच्या फाईलच्या रूपातही मिळते. दीड-दोन तासांच्या संभाषणाची ती फाईल काहीशे किलोबाइटांच्या आत मावते आणि २५६ किलोबिटच्या जोडणीवरही काही सेकंदांत उतरते.