उमेदीचा मल्ल कोणता?

पुण्याच्या पेठांतील तालमींत, हौद्याच्या कांठावर बसणाऱ्या जुन्या मंडळींचा एक आवडता वाद आहे. ऐन उमेदीचा गामा आणि ऐन उमेदीचा हरिश्चंद्र बिराजदार समोरासमोर आले असते, तर पाठीस माती कोणाच्या लागली असती? सुशिक्षित लोक ह्या वादास रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून हंसतात. परंतु कालिदास मोठा कीं भवभूति मोठा, ह्यावर शाई खर्च करतांना त्यांस कधीं हंसूं आल्याचें ऐकिवांत नाहीं! हा वाद निरर्थक आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तो ज्या रीतीनें घातला जातो ती रीत मात्र सदोष आहे, आणि तिच्या पायीं कांहीं थोर मल्लांवर अन्याय होतो.

प्रथम गामाचीच गोष्ट घेऊं. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडन येथें त्याची व पोलंडच्या झ्बिस्कोची कुस्ती झाली. आरंभींच खालीं गेलेला झ्बिस्को पोटावर पडून राहिला, आणि अडीच तासांहून अधिक वेळ लोटला तरी गामास त्याला चीत करतां आलें नाहीं. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानें ठरलेल्या दुसऱ्या कुस्तीस झ्बिस्को आलाच नाहीं. पुढें १९२८ सालीं पतियाळा येथें तेच दोघे पुन्हा भिडले आणि मिनिट भरण्याच्या आंत झ्बिस्को चीत झाला. गामाचे भक्त ह्या दुसऱ्या कुस्तीचा दाखला देतात. प्रतिपक्ष म्हणतो, झ्बिस्को तेव्हां पन्नाशीस टेकला होता. पण गामा तरी कोठें पंचविशींत होता? दोघांचीं वयें जवळजवळ सारखींच. शिवाय १९२५ सालीं झ्बिस्कोनें अमेरिकेंत, आधीं ठरलेला बेत मोडून, वेन मन ह्यास खरोखरीच पाडलें होतें. अर्थात् हा मन मूळचा फुटबॉलचा खेळाडू; त्यावरून झ्बिस्कोचें बळ शाबूत होतें असें ताणणें बरें नव्हे.

तर मग ह्या दोन कुस्त्यांत फरक कशाचा? वयाचा तर खासच नाहीं. १९१० सालीं झ्बिस्कोनें जिंकण्याचा नव्हे, न हरण्याचा निश्चय केला होता, आणि लंडनच्या गादीवर तो निश्चय निभावून नेतां आला. देशी रीतीच्या पतियाळ्याच्या कुस्तींत तो निभावला नाहीं.

‘उमेदीचा काळ’ हा शब्दच येथें घोटाळा करतो. जणूं प्रत्येक मल्लास एकच उमेद असते व ती पंचविशी-तिशीच्या दरम्यान येऊन जाते! वस्तुतः मातीवरची उमेद निराळी, गादीवरची निराळी. मातीच्या कुस्तीस चीतपट हाच निकाल. तेथें दम, अंगाचा भार आणि प्रतिस्पर्ध्यास थकवीत नेण्याचा धीर हीं लागतात, आणि तीं उशिरां पिकतात. गादीवर गुण मोजतात, मिनिटें मोजतात; तेथें चपळाई आधीं लागते, आणि ती आधीं जाते. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत माती व गादी असे दोन विभाग ठेवून त्यांतील विजेत्यांस शेवटीं एकमेकांशीं भिडवितात, तें ह्या भेदाची जाणीव असल्यामुळेंच. वाद घालणारांस मात्र ती नसते.

अमेरिकेंत हीच चूक यंत्राकडून करविण्यांत आली. जानेवारी १९७० मध्यें मार्सियानो व महंमद अली ह्या दोन वेगळ्या काळांतील मुष्टियोद्ध्यांची एक मुष्टियुद्धाची फिल्म दाखविली गेली. निकाल संगणकानें दिला: तेराव्या फेरींत मार्सियानो विजयी. तो निकाल ऐकावयास मार्सियानो हयात नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजींच त्याचें निधन झालें होतें. यंत्रास कोणत्या वर्षींचा अली सांगावा, हें शेवटीं माणसानेंच ठरविलें ना?

आतां बेळगांव. १९७७ सालीं तेथें बिराजदारांनीं दिल्लीच्या सतपालांस चीत केलें, आणि महाराष्ट्रास त्याचा अभिमान वाटला तो योग्यच होय. परंतु एवढ्यावरून बिराजदार सतपालांहून श्रेष्ठ, असें म्हणणारे हें विसरतात कीं सतपाल तेव्हां नुकतेच विशी ओलांडलेले होते. एशियाई खेळांतील त्यांचें सुवर्णपदक १९८२ सालचें. उलट बाजूचे लोक सतपालांचें कोंवळेंपण पुढें करून ती कुस्ती निकालांत काढतात, तेंही तितकेंच खोटें. कारण एशियाई पदक त्यांनीं १९७४ सालींच मिळविलें होतें. ह्या ओढाताणींत बिराजदारांची खरी थोरवी दोन्ही पक्षांच्या नजरेंतून निसटते. १९७० सालीं एडिंबरो येथें राष्ट्रकुल खेळांत त्यांनीं गादीवर सुवर्णपदक जिंकलें तेव्हां ते अवघे वीस वर्षांचे होते. बेळगांवच्या मातींत ते उतरले ते पंचविशी ओलांडून. म्हणजे एकाच मल्लाच्या दोन उमेदी, आणि दोन्ही सिद्ध.

आमचा कौल कोणी विचारीलच. वेळेची मर्यादा नसलेल्या मातीवर आम्ही १९१० चा गामा घेऊं. त्याला अडवावयास झ्बिस्कोसारखें पडून राहणारा मनुष्य लागेल, आणि बिराजदार पडून राहणारांतले नव्हते. सहा मिनिटांच्या गादीवर १९८२ चे सतपाल घेऊं. पण सकाळीं गादी आणि संध्याकाळीं माती, असा एकच मल्ल निवडा म्हणाल, तर १९७० आणि १९७७ ह्यांच्या मधल्या कोणत्याही वर्षाचे बिराजदार आम्हांस चालतील. मग समोर कोणीही असो.