पंधरा वर्षांची मुलगी काय वाचेल?

मराठी कुमार साहित्याला बरे दिवस आलेत, असं हल्ली वारंवार ऐकू येतं. छत्तीसगडमधल्या भिलाईत बसून ही पुस्तकं वाचली की मला राग येतो. किल्ला, खजिना, भूतबंगला, सुट्टीतलं साहस. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनं ही वाट केव्हाच मळवून ठेवली. मागून आलेले तिच्यावरूनच चालतात. विज्ञानकथेच्या नावाखाली दिलेले धडे तर मी अर्ध्यावरच सोडतो.

नाही म्हणायला प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला (१९९४) लंपन हा शाळकरी मुलगा सीमाभागातली कानडी वळणाची मराठी बिनदिक्कत बोलला आणि आपण त्याच्यावर जीव टाकला. त्या वाटेनं पुढे अशी आपली बोली बोलणारी मुलगी मात्र आली नाही. भिलाईत ती घरोघरी आहे. १९५५च्या सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. विदर्भातून कामाला आलेल्यांची नातवंडं आता सेक्टरांतल्या क्वार्टरांत वाढतात. शाळेत हिंदी-इंग्रजी, बाजारात छत्तीसगढी, घरी 'मी येऊन राहिली ना!' हिची एक तरी मराठी कादंबरी मला दाखवा.

अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या, चिकाना लेखिकांनी अशा मुलीला कधीच पुस्तकात आणलं. सांड्रा सिस्नेरोस यांचं 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' १९८४चं. शिकागोतल्या गरीब वस्तीतली त्याची नायिका एस्पेरांझा आज तिथल्या शाळांतून शिकवली जाते. एरिका सांचेझ यांच्या २०१७च्या कादंबरीतली हूलिया थोरल्या बहिणीच्या मृत्यूनं खचते, आईशी कडाडून भांडते, जीव द्यायलाही निघते. इंग्रजीत मधेच स्पॅनिश येतं आणि लेखिका अर्थ सांगायला थांबत नाही. आपल्याकडे भाषा 'शुद्ध' होते आणि मुलीचं दुःख 'या वयाला झेपणार नाही' म्हणून बाजूला पडतं.

झेपणार नाही? उर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) उघडा. रत्नागिरीकडची दलित पोर म्हणजे लेखिकाच, शाळेत शेण काढायचं काम तिच्याच वाट्याला, नाही म्हटलं तर थोबाडीत. टोपल्या विणून घर चालवणारी आई गुरुजींना भर रस्त्यात अडवून जाब विचारते. किंवा नागपूरच्या कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' (१९८१) घ्या. दलित मुलगी हट्टानं संस्कृत शिकते, एम.ए. होते, तरी नोकरी मिळते ती लग्नानंतर जात सांगणारं आडनाव बदलल्यावर. शाळकरी मुलींना याहून जवळचं काय असणार? या दोन पुस्तकांतले शाळेचे दिवस हे मराठीतलं अव्वल कुमार साहित्य आहे, आणि आपण त्यावर 'आत्मकथन' अशी चिठ्ठी चिकटवून ते मोठ्यांच्या कपाटात बंद केलं. ज्यांनी ते वय सोसलं, त्यांचंच लिहिणं त्या वयापासून लपवलं. याला मी अन्याय म्हणतो.

मराठीतल्या प्रकाशकांनो, ही प्रकरणं वेगळी काढा, चांगली चित्रं घाला, बोलीतलं अक्षरही न बदलता कुमारांसाठी छापा. आणि भिलाई-रायपूरच्या एखाद्या मुलीची वही तुमच्याकडे आली, तर लाल पेन खाली ठेवून ती शेवटपर्यंत वाचा.