विचारणं आणि कळवणं

मार्चमध्ये मला नागपूरच्या एका कॉलेजातून कायम नोकरीचं पत्र आलं. दौंडला मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. राहतो शिरूरला, कारण नवऱ्याची नोकरी रांजणगावच्या एमआयडीसीत आणि सासूबाईही तिथेच. पत्र आलं त्या रात्री मी त्याला म्हटलं, "जाऊया का रे?" तो म्हणाला, "तू विचारतेयस की सांगतेयस?" मला राग आला. त्याच आठवड्यात वर्गासाठी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतलं होतं. रोजच्या एसटीत ते वाचता वाचता त्याचा प्रश्न मला पुस्तकातही दिसायला लागला.

लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली आला. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत त्यातला एखादा उतारा वाचलेला असतो. तेव्हापासून डोक्यात एक चित्र बसतं: भोळा, लहरी कवी नवरा आणि त्याला हसत हसत सांभाळून घेणारी बायको. माझ्या मते हे चित्र आपल्या सोयीचं आहे. 'स्मृतिचित्रे' हे बिऱ्हाड हलवण्याचंही पुस्तक आहे. नारायण वामन टिळक नोकरी धरतात, सोडतात, कधी न सांगताच घराबाहेर पडतात. नाशिक, नागपूर, राजनांदगाव, मुंबई, नगर, राहुरी, शेवटी सातारा. गाव ठरतं त्यांच्या मनात. बायकोला ते कळतं, आणि तेही बरेचदा उशिरा.

लक्ष्मीबाई तक्रार करत नाहीत, असं त्यांचं कौतुक होतं. पण त्या हिशेब मात्र सोडत नाहीत. कुणाच्या घरी किती दिवस राहावं लागलं, घरात काय होतं आणि काय नव्हतं, पैसा कुठे गेला, सगळं त्या सांगतात. विनोद येतो तो हा हिशेब मांडून झाल्यावर. आपण विनोद लक्षात ठेवतो आणि हिशेब विसरतो, हा आपल्या वाचनाचा दोष. थोडा दोष पुस्तकाचाही आहे. लक्ष्मीबाई इतक्या लवकर माफ करतात की वाचणाऱ्याला रागवायला वेळच मिळत नाही. शिवाय हे लेखन सुरू झालं ते मुलाच्या, देवदत्तच्या, आग्रहावरून आणि टिळकांच्या आठवणी म्हणून. त्यामुळे मधोमध टिळकच राहतात, आणि बायकोची बाजू आपल्याला भांडीकुंडी, प्रवास, आजारपणं यांतून वेचून घ्यावी लागते.

पुस्तकातली एक जागा मात्र वेगळी आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको तेव्हा सोबत नव्हती. इथपर्यंत सगळं नेहमीसारखंच, फक्त यावेळचं स्थलांतर धर्माचं होतं. पण यावेळी बायको मागोमाग गेली नाही. काही वर्षं ती नातेवाइकांकडे राहिली. पुढे मुलाला घेऊन ती टिळकांकडे गेली, तेव्हाही सुरुवातीला तिचं सोवळं, तिचं पाणी, तिचा स्वयंपाक वेगळा होता. टिळकांनी ते चालू दिलं. मग जात म्हणजे काय, ती कुणी केली, याचा विचार करत करत एकेक बंधन तिने स्वतःच सोडलं, आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

हा भाग सहसा धर्मांतराची कथा म्हणून वाचला जातो, आणि ती कथा आहेच. पण संसाराची गोष्ट म्हणून वाचला तर दोघांनी मिळून केलेलं मोठं स्थलांतर मला इथेच दिसतं. त्याला पाच वर्षं लागली. आधी निघालेल्याने थांबायचं आणि मागून येणाऱ्याने वेग ठरवायचा, असं ते झालं. टिळकांचं मोठेपण मला त्यांच्या पश्चात्तापापेक्षा एकाच घरात वेगळी चूल चालू देण्यात दिसतं.

लक्ष्मीबाईंना आजच्या काळातली बाई करून टाकण्याचा मोह मात्र टाळायला हवा. मागे राहणं त्यांना स्वस्त पडलं नाही. हातात कमाई नव्हती आणि आसरा दुसऱ्यांच्या घरचा होता. 'नाही' म्हणायचं तर त्यासाठी राहायला जागा लागते, हे त्या कुठे ठासून सांगत नाहीत. पण त्या पानांवर ते सतत जाणवतं.

आजवर हे पुस्तक मी लक्ष्मीबाईंच्या बाजूने वाचत आले. बाई आहे, त्यामुळे ती बाजू आपोआप आपली वाटते. या वेळी आठवलं की नवऱ्याला विचारण्याआधी तीन दिवस मी मोबाईलवर नागपुरातली भाड्याची घरं बघत होते. कोणत्या भागात राहायचं तेही मनात ठरलं होतं. त्याची बारा वर्षांची नोकरी आणि सासूबाईंचे गुडघे माझ्या हिशेबात नव्हते. नोकरी माझी म्हटल्यावर मी सहज टिळकांच्या जागी जाऊन बसले होते. ती जागा पुरुषाची नसते, पत्र ज्याच्या नावावर येतं त्याची असते.

मी त्याला हे सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मग आता खरंच विचार."

विचारलं. उत्तर 'हो' आलं नाही. जूनमध्ये मी एकटी रुजू होणार, शिरूरचं घर चालू राहणार, आणि दिवाळीत तो आईला घेऊन नागपूर बघायला येणार, एवढंच ठरलंय. दोन चुली परवडतील का, हे अजून मांडून बघायचंय. दौंडवरून नागपूरला जाणारी गाडी नगर आणि राहुरीवरूनच पुढे मनमाडला जाते. पुस्तक सोबत नेणार आहे. पण परत येऊन त्याने काय सांगावं, हे यावेळी आधी ठरवून ठेवलेलं नाही.