दुय्यम पात्रांचा मृत्यू आणि नायकाची निवड : ‘फुलमेटल अल्केमिस्ट’

अराकावा हिरोमू यांच्या चित्रकथेवरून (२००१-२०१०) ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही अ‍ॅनिमे मालिका २००३ आणि २००९ अशी दोनदा निर्माण झाली. एकाच मृत्यूचे दोन आविष्कार त्यामुळे ताडून पाहता येतात. नायक एडवर्ड हा किमयागार. समतुल्य विनिमयाच्या नियमावर त्याची श्रद्धा. या श्रद्धेला पहिला तडा जातो तो नीनामुळे. जन्मदात्यानेच कुत्र्याशी संकर घडवून विद्रूप केलेल्या या बालिकेला एडवर्ड पूर्ववत करू शकत नाही आणि पुढे तिची हत्या होते. २००३च्या मालिकेत तो परीक्षेच्या तयारीसाठी त्या घरी राहतो, म्हणून प्रेक्षकालाही तिचा लळा लागतो. २००९मध्ये हे सारे चौथ्या भागातच उरकले जाते. ही घाई खटकते. तथापि तिचे फलित शेवटी दिसते. आपली किमया कायमची त्यागून भावाला परत मिळविताना एडवर्ड स्वतःला एका मुलीलाही वाचवू न शकलेला सामान्य माणूस म्हणवितो. माणसांच्या प्राणांतून घडलेला परीस तो स्वतःसाठी वापरीत नाही, यामागेही हीच जाणीव असावी.

ह्यूजच्या हत्येचे स्वरूप निराळे आहे. एल्रिक बंधूंनी उकललेल्या रहस्याचा माग काढताना तो मारला जातो. अपराधभाव एडवर्डचा, सूडभावना मात्र मस्टँगची. २००९च्या मालिकेत मारेकरी एन्व्ही हाती सापडतो, तेव्हा त्याला जाळू पाहणाऱ्या मस्टँगला रोखणाऱ्यांत एडवर्डही असतो.