'काळी' म्हणजे कोण?

व्यंकटेश माडगूळकरांच्या एका कथासंग्रहाचे नाव 'काळी आई' असे आहे. माधव नगरातल्या आमच्या घरी तो कपाटात कधीचा पडून आहे. गेल्या उन्हाळ्यात नातीने तो बाहेर काढला, नाव वाचले आणि विचारले, "आजोबा, ही गढकालिकेची पोथी का?"

मुलीचे चुकले असे मला म्हणवेना. उज्जैनीत जन्मलेल्या, हिंदीतून शिकणाऱ्या मुलीच्या कानाला 'काळी आई' म्हणजे 'काली माई'च. गढकालिका तर आमच्याच गावची. पण त्या एका प्रश्नात मराठीतला एक सबंध अर्थ गळून पडला होता, आणि तो तिला कोणी सांगितलाच नव्हता. मीही नाही.

'काळी' म्हणजे पिकाची जमीन. इथे हा शब्द विशेषण नव्हे, नाम आहे. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) त्याचा हा अर्थ दिलेला आहे, आणि त्याचा जोडीदार म्हणून 'पांढरी', म्हणजे गावाची वस्तीची जागा. काळी आणि पांढरी मिळून गाव पुरे होते. पांढरी हे नावही उगीच पडलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचून वस्तीची जागा पांढुरकी होते. पुराणवस्तूंचे अभ्यासक अशी पांढरीची टेकाडे हुडकत हिंडतात. आमच्या जिल्ह्यात छोट्या काली सिंधच्या काठी कायथा येथे १९६४ साली विष्णु श्रीधर वाकणकरांना ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. माणूस मराठी, गाव माळव्यातले आणि नदीच्या नावातही 'काली'. (आणखी एक गंमत. 'पांडुरंग' म्हणजे पांढऱ्या वर्णाचा, आणि पंढरीतली मूर्ती मात्र काळी. यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे, आपण पुढे जाऊ.)

आता माडगूळकरांचे हे नाव हिंदीत न्यायचे कसे? 'काली माँ' म्हणावे तर देऊळ उभे राहते. 'धरती माँ' म्हणावे तर रंग जातो, आणि त्याबरोबर नांगरटीचा वास आणि उन्हाळ्यात पडलेल्या भेगाही जातात. 'काली मिट्टी' हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द, त्याच्यापुढे 'आई' म्हणता येत नाही. वास्तविक मातीत फरक नाही. दख्खनच्या ज्या लाव्ह्यापासून सोलापूरकडची काळी जमीन झाली, त्याच लाव्ह्यापासून माळव्याची झाली. फरक आहे तो नात्याचा. 'काळी'ला 'आई' म्हणणारी भाषा जमिनीचे वर्णन करीत नाही, तिला हाक मारते. माझ्या मते त्या दोन शब्दांच्या नावातच लेखकाने आपण कुठे उभे आहोत ते सांगून टाकले आहे. ते ज्याला कळले नाही, त्याने पुस्तक मुखपृष्ठाबाहेरूनच वाचले.

संक्रांतीचेही तसेच. सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आम्ही रीतीप्रमाणे काळी चंद्रकळा आणली, हलव्याचे दागिने केले. शेजारच्या बाई हळदीकुंकवाला आल्या त्या दारातच थबकल्या. सणासुदीला, नव्या नवरीला काळे? बोलल्या काही नाहीत. पुढच्या वर्षी सूनबाईंनी आपण होऊन पिवळी साडी नेसली. तिला दोष कसा द्यावा? चार बायकांत दर वर्षी खुलासा करीत बसणे सोपे नाही.

मराठीत काळा सगळीकडे शुभच आहे असे माझे म्हणणे नाही. तोंड काळे होते, बाजार काळा असतो, व्यवहारात काळेबेरे असते. पण नेमके हेच अर्थ हिंदीतही आहेत. 'मुँह काला', 'काला बाज़ार', 'दाल में काला'. दोन भाषांच्या घरात दोन्हीकडे चालतात ते अर्थ तगतात. एकाच भाषेचे असतात ते आधी बोलण्यातून जातात, मग कानातून. त्यामुळे आमच्या मुलांच्या 'काळ्या'त कलंक शाबूत राहिला आणि शेत व संक्रांत गेली. 'पांढऱ्यावर काळे करणे' हे नातीला ठाऊक नाही, 'काला अक्षर भैंस बराबर' मात्र पाठ आहे. शाळकरी शब्दार्थांच्या वह्यांनी यात भरच घातली. 'काळा म्हणजे काला' एवढे लिहिले की काम झाले. बेळगाव-बिदरकडच्या वाचकांनी आपल्या घरात कानडीच्या शेजारी या शब्दाचे काय झाले तेही एकदा पाहावे. तिथला हिशेब कदाचित वेगळा निघेल.

नातीला मी हे सारे सांगितले. तिने ऐकून घेतले, पण माझे व्याख्यान फारसे उपयोगी पडले असे वाटत नाही. चार दिवसांनी दारावर भाजीवाली आली. खेड्यातली, अस्सल माळवी बोलणारी. यंदा हरभरा कसा आहे म्हणून विचारले, तर म्हणाली, पाणी कमी, पण आमची माटी काळी आहे, ओल धरून ठेवते. त्या 'काळी'तला ळ स्वच्छ, आपल्यासारखाच होता. माळवीत तो अजून आहे. नात पायरीवर बसून मटार सोलत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "आजोबा, या बाई आपला ळ म्हणतात!"