लांडग्यांची सायंगीते

मेटल संगीत म्हटले की विद्युत् गिटारचा गडगडाट आणि घसा फोडून केलेला आक्रोश एवढेच आपल्या मनात येते. नॉर्वेतील ‘उल्व्हर’ या वाद्यवृंदाची ‘क्वेल्डसांगर’ ही १९९६ सालची ध्वनिमुद्रिका या समजुतीला छेद देते. उल्व्हर म्हणजे लांडगे, क्वेल्डसांगर म्हणजे सायंगीते. तेरा रचनांच्या या संग्रहात विद्युत् गिटार नाही, आक्रोशही नाही. आहेत त्या साध्या तारांच्या गिटारी, चेलोचा खर्ज आणि गार्म या गायकाचा स्वर.

ज्या ‘ब्लॅक मेटल’ प्रवाहातून हे तरुण आले, त्यातील काहींनी नॉर्वेतील चर्चेस जाळली होती. बर्गन येथील फानटॉफ्टचे प्राचीन काष्ठमंदिर ६ जून १९९२ रोजी भस्मसात झाले. उल्व्हरचा त्या कृत्यांशी संबंध नव्हता. तथापि धर्मगुरूच्या कानांनी ऐकताना त्या राखेचा विसर आम्हांस पडत नाही. आणि नेमका येथेच हा संग्रह आम्हांस कोड्यात टाकतो.

‘आ कापेला’ ही रचना पाहा. तिचे उपशीर्षक ‘आत्म्याचे गीत’. वाद्य एकही नाही. केवळ मानवी कंठ. मठातील सायंप्रार्थनेची आठवण व्हावी असे गांभीर्य तीत आहे. परंतु ग्रेगोरियन गायनात अनेक कंठ एक स्वर होतात. येथे एकाच गायकाचा कंठ स्वतःवरच थर चढवीत वृंद बनतो. वृंद आहे, मंडळी नाही. आळवणी आहे, कोणाला, ते गीत सांगत नाही. हा एकाकीपणा आम्हांस ढोंगी वाटला नाही. डिसेंबरात ज्या ऑस्लोला जेमतेम सहा तास उजेड लाभतो, तेथील संधिप्रकाश त्याला पुरेपूर चिकटलेला आहे.

लोकपरंपरेचे ऋण उघड आहे. पहिल्या रचनेचे नाव एका नॉर्वेजियन लोककथेचे. ‘हालिंग’ हे तर तेथील लोकनृत्यच, मात्र येथे पाय थिरकण्यापूर्वीच ते आटोपते. अनेक रचना अशाच दोन-अडीच मिनिटांत, फुलण्याआधी, मिटतात. ही उणीवच म्हणावी लागेल.

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, ‘नातेन्स माद्रिगाल’ घेऊन लांडगे पुन्हा कर्णकटू कोलाहलाकडे वळले. तो आम्ही एकदा ऐकला. सायंगीते मात्र हिवाळ्याच्या रात्री, दिवा मंद करून, अजून लावतो.